आडवं झाल्यावर सुचलेलं वाक्य

"झालं का वाक्य?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"येतंय," तो म्हणाला. तो पलंगावर उताणा पडून छताच्या कोपऱ्याकडे बघत होता.

"मघापासून येतंय. पायी निघालंय का?"

जरा आवाज झाला की वाक्य बिचकतं आणि माघारी फिरतं, असं त्याच्या ध्यानात आलं होतं. बायको मात्र दिवसभर कापडाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून आली होती. तिचे पाय सुजले होते, आणि सुजलेल्या पायांच्या माणसाला दुसऱ्याच्या वाक्याचं काय कौतुक असणार?

हा गृहस्थ गाद्यांच्या कारखान्यात होता आणि गाद्यांवर झोपून बघणं हे त्याचं काम होतं. असं काम असतं. हसू येत असेल त्यांनी आपल्या घरची गादी आठवावी. तिच्यावर आपल्याआधी कुणीतरी परका माणूस पगार घेऊन लोळून गेलेला आहे. कारखान्याच्या पाटीवर त्या खात्याचं नाव 'दर्जा तपासणी' होतं आणि लोकांच्या तोंडी 'लोळणखातं'. खात्यात माणसं दोनच. एक निवृत्तीला टेकलेले, त्यांना सगळे थोरले लोळणकर म्हणत. दुसरा हा, धाकटे लोळणकर. दोघांचं नातंगोतं काही नव्हतं. पण एकाच खोलीत वर्षानुवर्षं शेजारी शेजारी आडवं होणाऱ्या माणसांना लोकांनी भाऊ ठरवून टाकलं होतं. धाकटा त्यांना काका म्हणायचा आणि ते त्याला लेका म्हणायचे.

या कामाला अक्कल लागत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी ते एकदा करून बघावं. टक्क जागा माणूस गादीवर पडला तर त्याला फक्त स्वतःच्या काळज्या टोचतात. गाढ झोपला तर काहीच टोचत नाही. म्हणून झोप आणि जाग यांच्या मधोमध जो उंबरठा आहे, त्यावर जाऊन थांबायचं. तिथे अंग आपोआप सैल होतं. यंत्रांची घरघर लांबच्या पाण्यासारखी वाहत राहते. वरच्या काचेतून आलेल्या उजेडात कापसाचे कण तरंगत असतात आणि आपणही त्यांच्यातलेच एक आहोत असं वाटायला लागतं. मग पाठ हळूच सांगते, इथे खड्डा आहे, तिथे उंचवटा. ते ऐकायचं, आणि आत पाऊल न टाकता परत यायचं. परत येऊन एकच शब्द बोलायचा, "ठीक" किंवा "कडक" किंवा "खचलीय", आणि गादीला तशी चिठ्ठी लावायची. दिवसभर एवढंच. धाकट्याच्या तोंडून कामाच्या वेळी सलग वाक्य असं कधी गेलंच नव्हतं.

आणि आता त्याला वाक्य हवं होतं. त्याचं कारण म्हणजे यंत्र. मालकीणबाईंना एका मशीनवाल्याने गादी तपासणारं यंत्र दाखवलं होतं. माणसाच्या वजनाचं लोखंडी धड, गादीवर पडायचं, उठायचं, पुन्हा पडायचं. त्याला डोकं नव्हतं. डोकं का नाही, असं कुणीतरी विचारल्यावर मशीनवाला हसत म्हणाला होता, "गादी तपासायला डोकं कशाला लागतं?" सगळे साहेबलोक हसले होते. साहेबलोकांचं हसणं हा एक वेगळाच विषय आहे. ज्याची नोकरी जाणार असते तो सोडून बाकीच्यांना विनोद लगेच कळतो.

पण मालकीणबाई न्यायाच्या बाबतीत हौशी होत्या. माणसाला काढायचंच असेल तर आधी त्याचं म्हणणं ऐकावं, असं त्यांनी कुठल्याशा शिबिरात ऐकलं होतं. म्हणून सोमवारी सभा ठरली. प्रत्येक खात्यातल्या एकाने उठून बोलायचं आणि त्यानंतर कोणतं खातं ठेवायचं, कोणतं मोडायचं याचा निकाल. लोक भलतंच बोलत बसू नयेत म्हणून भाषण शिकवायला एक बाईही आणल्या. त्यांना सगळे भाषणवाल्या मॅडम म्हणू लागले. जन्मभर खुर्चीत बसून बोलणाऱ्यांनी दिवसभर राबणाऱ्यांना तोंड कसं उघडायचं ते शिकवावं, हा या कारखान्याचा न्याय. पण खरं सांगायचं तर त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांचा एका गोष्टीवर अढळ विश्वास होता, आणि ती गोष्ट म्हणजे एक वाक्य.

"भाषण नंतर," त्या म्हणाल्या. "आधी एक वाक्य. ऐकणारा घरी जाताना काय मनात घेऊन जाणार, ते एका वाक्यात सांगता येत नसेल तर तुमच्याकडे भाषण नाही, नुसता आवाज आहे. हं, लोळण… माफ करा, दर्जा तपासणी. तुमचं वाक्य?"

धाकटा उभा राहिला. थोरल्यांनी बोलायची जबाबदारी त्याच्यावर ढकलली होती. "लेका, माझे दात हलतात," एवढंच कारण दिलं होतं.

"आमच्या खात्याबद्दल," धाकटा म्हणाला.

"पुढे?"

"एवढंच."

"हा विषय झाला. विषय म्हणजे रिकामं ताट. त्यावर काही वाढा."

त्याने जरा विचार केला. "आमचं खातं फार महत्त्वाचं आहे."

"असं प्रत्येक जण आपल्याबद्दल म्हणतो. याच्याशी भांडायला कुणी येईल का?"

"कशाला येईल?"

"मग ते वाक्य कामाचं नाही. कुणीतरी 'छे, मला नाही पटत' म्हणू शकेल असं काहीतरी ठाम बोला. आणि कारण द्या."

धाकट्याने दीर्घ श्वास घेतला. "आमचं खातं महत्त्वाचं आहे, कारण गिऱ्हाइकाची पाठ असते, आणि काकांची निवृत्ती जवळ आलीय, आणि यंत्राला डोकं नाही, आणि माझा पगार, आणि गादी म्हणजे नुसता फोम नाही, आणि इतक्या वर्षांची सवय, आणि—"

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "ही भरलेली बस आहे. जो तो चढलाय आणि ड्रायव्हरचा पत्ता नाही. सगळ्यांना उतरवा. एकालाच ठेवा."

"कुणाला?"

"ते तुम्हाला माहीत असायला हवं. तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय?"

हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. तो घरी आला, पलंगावर उताणा पडला आणि छताकडे बघत राहिला. पुढचं आपण पाहिलंच.

दुसऱ्या दिवशी कामावर मात्र चमत्कार झाला. दुपारचा डबा खाऊन तो एका जाडजूड गादीवर आडवा झाला, उंबरठ्यापर्यंत गेला, आणि पलीकडून कुणीतरी चालत येत असल्यासारखं वाटलं. ते वाक्य होतं. धुक्यात एखाद्या घराची खिडकी उजळावी तसं ते दिसलं. अख्खं, एकसंध, सुरुवात आणि शेवट असलेलं. त्यात एकही शब्द जास्त नव्हता. धाकट्याच्या छातीत असं काही गोड भरून आलं की त्याने पटकन डोळे उघडले, आणि समोर कापसाचे कण तरंगत होते. वाक्य नव्हतं.

तो पुन्हा पडला. पुन्हा ते आलं, जरा लांब उभं राहिलं आणि नाहीसं झालं. सगळी खोट त्याच्या कौशल्यात होती. इतक्या वर्षांत त्याने उंबरठ्याच्या आत पाऊल न टाकायचं शिकून घेतलं होतं, आणि वाक्य नेमकं एक पाऊल आत राहत होतं.

"काका," तो म्हणाला, "मी आज आत जाणार."

"कुठे?"

"झोपेत. गाढ. तिथे वाक्य आहे. मी बडबडलो तर तुम्ही ऐका आणि मला सांगा."

थोरल्यांनी मान डोलावली. ते शेजारच्या गादीवर टेकले, कान धाकट्याच्या तोंडाजवळ नेला. आता थोरले जन्मभर त्या खोलीत एकच गोष्ट करत आले होते. त्यांची पाठ गादीला लागली की उरलेलं काम शरीर आपण होऊन करायचं. धाकटा आत गेला, आणि त्याच्या पाठोपाठ थोरलेही गेले.

धाकट्याला स्वप्न पडलं. एक मोठं दालन होतं आणि त्याची जमीन गाद्यांची होती. लोक त्यावरून आवाज न करता चालत होते, प्रत्येक पावलाला किंचित वर उचलले जात होते. भाषणवाल्या मॅडम एका रिकाम्या बसच्या दारात उभ्या राहून त्याला बोलावत होत्या. तो मोठ्या आनंदात काहीतरी बोलत होता.

त्याला जागं केलं शिवणखात्याच्या मावशींनी.

"अरे उठा, माझ्या गाद्या दारात थप्पीला लागल्यात. वाट बंद झालीय."

"काका, मी काय बोललो?"

थोरल्यांनी डोळे चोळले. "कधी?"

मावशी दोघांकडे बघत होत्या. "हे खातं मोडणार म्हणून आम्ही हळहळतोय, आणि तुम्ही घोरताय?"

"मावशी, मी वाक्य शोधत होतो."

"माझंही वाक्य नाही झालं अजून," मावशी म्हणाल्या आणि त्यांचा आवाज एकदम थकला. "त्या बाईंनी रोज फेटाळलंय. डोळ्याला डोळा नाही लागला." असं म्हणून त्या बोलणं संपवायला म्हणून गादीच्या कडेला टेकल्या. टेकलेलं माणूस जरा मागे रेलतं. रेललेलं माणूस पाय वर घेतं. पुढचं सांगायला नको, आणि त्यांच्याकडे बघता बघता हे दोघेही पुन्हा कलंडले.

मावशी परत आल्या नाहीत म्हणून शिवणखातं थांबलं. माल भरणाऱ्या खात्याचा मुकादम ट्रक का भरत नाही म्हणून तणतणत आला. तीन माणसं शांत झोपलेली बघून तो बोंब मारणार होता, पण त्या खोलीतला उजेड असा मऊ होता आणि त्यालाही सोमवारी बोलायचं होतं. आवाज करण्याआधी जरा पाय मोकळे करावेत म्हणून तो बसला. मालकीणबाई स्वतः आल्या तेव्हा तपासणीच्या खोलीत एकूण एक गादीवर माणूस होता. आणि त्यांच्यामागे, दुर्दैवाने, मशीनवाला होता.

"बघा," मशीनवाला हळूच म्हणाला. "आमचं यंत्र झोपत नाही."

मालकीणबाईंनी धाकट्याच्या तळपायाला पेनाने टोचलं. तो उठून बसला.

"सोमवारी नीट बोला," त्या म्हणाल्या. "आता मला तुमचं ऐकायची फार उत्सुकता आहे."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तेच वाईट होतं. मुकादम आणि मावशी आपापल्या खात्यात पळाले. त्यांची खाती कुणी मोडत नव्हतं. थोरले खाली मान घालून गादीची शिवण चाचपत राहिले.

"लेका," ते म्हणाले, "मला दुसरं काही येत नाही रे. उभं राहिलं की मला घेरी येते. मला या वयात कोण घेणार?"

धाकट्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या तोंडून "ठीक" एवढंच निघालं. एकच शब्द बोलायची सवय.

मध्ये सुट्टीचा रविवार होता. दुपारचं जेवण झाल्यावर त्याने बायकोसमोर हात जोडले.

"अगं, फक्त एवढंच कर. मी झोपतो. तू शेजारी बस. मी बोललो तर ऐक."

"आठवड्यातून एक दिवस मला बसायला मिळतो," ती म्हणाली, "तो तुमच्या घोरण्यापाशी घालवू?"

"काकांचा प्रश्न आहे."

थोरल्यांचं नाव निघाल्यावर ती विरघळली. तिने खुर्ची ओढली, पाय पलंगाच्या कडेवर ठेवले, आणि सुजलेल्या घोट्यांना तेल चोळत बसली. पडद्यातून पिवळसर उजेड येत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं आणि तो आवाज बराच वेळ खोलीत रेंगाळला. धाकटा उंबरठ्यावर पोचला. आज तो थांबला नाही.

आत सगळं निळसर होतं. एक लांबच लांब रस्ता होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना रिकामे पलंग मांडलेले होते. नीट अंथरलेले, कुणाची तरी वाट बघत असलेले. प्रत्येक पलंग त्याला हाक मारत होता. तो कुणाकडेच न बघता रस्त्याच्या मधून चालत होता, आणि पायाखालची जमीन चक्क कठीण होती. त्या कठीणपणाचा त्याला इतका आनंद झाला की त्याचे डोळे भरून आले. मग वाक्य त्याच्या हातात आलं, पिकलेलं फळ यावं तसं, आणि तो ते मोठ्याने बोलला.

जाग आली तेव्हा खुर्ची रिकामी होती. स्वयंपाकघरात भांडी आपटत होती.

"बोललो?" त्याने दारात जाऊन विचारलं.

"बोललात."

"स्पष्ट?"

"फार स्पष्ट." एक पातेलं ओट्यावर आदळलं.

"काय बोललो?"

तिने पाठमोरीच एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. मग नळ बंद करून म्हणाली, "यंत्राला पाठ नाही, म्हणून माणसाची पाठ त्याला कधी कळणार नाही."

धाकटा खुळावल्यासारखा तिच्याकडे बघत राहिला. "मी बोललो हे?"

"मग काय मी बोलले? घ्या, पाठ करा. आणि तेवढंच बोला. सभेत आडवे होऊ नका म्हणजे झालं."

"अगं, पण भांडी का आपटतेस?"

"माझे पाय दुखतात," ती म्हणाली. "हे माझं वाक्य. बघा, किती नेमकं आहे."

त्याने ते वाक्य पाठ केलं. जिन्यात म्हटलं, आंघोळ करताना म्हटलं, सोमवारी सकाळी सभेच्या आधी भाषणवाल्या मॅडमना म्हणून दाखवलं. मॅडमनी डोळे मिटले.

"हे," त्या म्हणाल्या, "हे आहे वाक्य. कुठून आणलंत?"

"झोपेतून."

त्यांना वाटलं तो नम्रपणे बोलतोय.

सभा जेवणाच्या मोठ्या हॉलमध्ये होती. पुढे एक चौथरा केला होता आणि त्यावर एक नवीकोरी गादी मांडली होती, कारण भाषणं झाल्यावर मशीनवाला यंत्राची करामत दाखवणार होता. यंत्र मागच्या बाजूला चादरीखाली उभं होतं आणि चादरीला खांदे होते, पण वर डोक्याच्या जागी काहीच नव्हतं. एकेक खातं उठलं. शिवणखात्याच्या मावशी म्हणाल्या की कारखान्याची प्रगती हाच त्यांचा ध्यास आहे. मुकादम म्हणाला की वेळेवर माल पोचवणं ही त्याची पूजा आहे. हिशेबखात्याचा माणूस म्हणाला की मालकीणबाईंच्या दूरदृष्टीमुळे त्याला जगायला बळ मिळतं. सगळी वाक्यं ठाम होती, नेमकी होती, आणि एकाचंही एक अक्षर खरं नव्हतं. मालकीणबाई पेनाचं टोपण काढत होत्या आणि लावत होत्या.

"दर्जा तपासणी," मॅडम म्हणाल्या.

धाकटा चौथऱ्यावर गेला. समोर डोकीच डोकी. पहिल्या रांगेत थोरले, गुडघ्यावर हात ठेवून, श्वास रोखून. त्याने तोंड उघडलं, आणि वाक्य गेलं होतं.

ते असं गेलं होतं की मागे त्याची जागाही उरली नव्हती. पाठ नाही की कळणार नाही की असलं काहीतरी. उभं राहून त्याने आयुष्यात एकही महत्त्वाची गोष्ट केली नव्हती. शेजारी गादी होती. पांढरी, गप्प, ओळखीची.

"मालकीणबाई," तो म्हणाला, "मला उभ्याने आठवत नाही. जरा आडवा होऊ का?"

हॉलमध्ये खसखस पिकली. मशीनवाला सर्वांत मोठ्याने हसला.

"व्हा," मालकीणबाई म्हणाल्या. "तेच तर तुमचं काम आहे."

त्याने चपला काढल्या, आडवा झाला, डोळे मिटले. हसण्याचा आवाज मागे मागे गेला. पंख्यांची घरघर पाण्यासारखी वाहायला लागली. उंबरठा आला. बायकोने सांगितलेलं वाक्य आतच असणार, काल तिथेच तर मिळालं होतं, म्हणून तो निःशंक मनाने आत गेला. निळसर रस्ता होता. दोन्ही बाजूंना पलंग होते. पायाखाली कठीण जमीन होती, आणि वाक्य समोर उभं होतं, त्याच्याकडे बघून हसत होतं. त्याने ते उचललं आणि खणखणीत आवाजात बोलला.

"आडवं होऊन मी कंटाळलोय, मला आता उभं राहून काम करायचंय."

हॉल असा शांत झाला की त्या शांततेनेच त्याला जाग आली. आपण काय बोललो ते त्याला त्याच्याच कानांनी सांगितलं. स्वयंपाकघरातली भांडी का आपटत होती, तेही त्याला तेव्हाच कळलं. तो उठून बसला. थोरल्यांचं तोंड उघडं होतं.

भाषणवाल्या मॅडम एकट्याच उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. "एकच माणूस," त्या गहिवरून म्हणाल्या, "बसमध्ये एकच माणूस."

"मालकीणबाई, तसं नव्हतं बोलायचं," धाकटा म्हणाला. "खातं ठेवा असं बोलायचं होतं. काका—"

"बसा," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांनी पेन बंद करून ठेवलं होतं. "सकाळपासून मला आवडेल ते सगळ्यांनी सांगितलं. याने त्याला काय हवंय ते सांगितलं." मग त्या मशीनवाल्याकडे वळल्या. "तुम्हीही या. तिथे आडवे व्हा आणि मला एका वाक्यात सांगा."

"बाईसाहेब, आमच्या यंत्राची बरीच वैशिष्ट्यं—"

"हा विषय झाला," मॅडम म्हणाल्या.

"आमचं यंत्र फार उपयुक्त आहे."

"याच्याशी कोण भांडेल? आडवे व्हा."

मशीनवाला कोट सावरत गादीवर पडला. बिचारा गावोगाव यंत्र घेऊन फिरणारा माणूस. किती दिवस तो नीट आडवा झाला नव्हता कोण जाणे. गादी मात्र उत्तम होती. थोरल्यांनी सकाळी 'ठीक' म्हणून चिठ्ठी लावली होती. त्याने डोळे मिटले, त्याचे खांदे खाली आले, आणि तोंडावरचं विकायचं हसू हळूहळू वितळलं.

"नेमकं काय म्हणायचंय?" मॅडमनी त्याच्या कानाशी वाकून विचारलं.

"हे बसवायला जमीन खणावी लागते," मशीनवाला संथ, सुखी आवाजात म्हणाला, "आणि तोवर तुमचा अख्खा कारखाना बंद राहील."

कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. मालकीणबाईंनी त्याला बराच वेळ झोपू दिलं. मग चादरीखालचं यंत्र आल्या वाटेने ट्रकमध्ये चढवायला सांगितलं. थोरल्यांना विचारलं, तुम्हाला काय हवंय. थोरले उठले, घेरी आली म्हणून पुन्हा बसले आणि म्हणाले, "मला आडवंच राहू द्या." तिथल्या तिथे दोन्ही निकाल लागले. लोळणखातं राहिलं. धाकटे लोळणकर दुसऱ्या दिवसापासून माल भरायच्या दारात, मुकादमाच्या हाताखाली, उभे.

घरी येऊन त्याने सगळं सांगितलं. चोरून बघत सांगितलं, कारण पातेली हाताशीच होती. बायको घोट्यांना तेल चोळत ऐकत होती.

"तू मला खरं का नाही सांगितलंस?" त्याने शेवटी विचारलं.

"मी उभी राहून राहून मरतेय आणि माझा नवरा झोपेत बोलतो की मला झोपायचा कंटाळा आला. पातेलं तुमच्या डोक्यात नाही घातलं हे नशीब समजा." ती थांबली. तेलाची वाटी बाजूला ठेवली. "तुमच्या जागी कुणाला घेतलं का?"

"अजून नाही."

"काकांना माणूस लागेलच ना?"

"लागेल. पण ते काम सोपं नाही हं, एक उंबरठा असतो—"

"मला उंबरठे शिकवू नका," ती म्हणाली.

थोरल्यांनी तिला एका दुपारी एका गादीवर झोपवून पाहिलं. ती पडली, उंबरठ्यावर जाऊन आली आणि म्हणाली, "डावीकडे कापूस कमी भरलाय, उजवीकडे शिवण ओढलीय, आणि ज्याने ही भरली त्याचं घरी भांडण झालेलं असणार." भरणाऱ्याला विचारलं तर तो रडायलाच लागला. थोरले म्हणाले, अशी पाठ जन्माला यावी लागते. कापडाच्या दुकानाने दुसरी मुलगी ठेवली.

आता ती संध्याकाळी घरी येते तेव्हा चेहरा टवटवीत असतो, पावलं हलकी असतात. येताना गुणगुणत येते. धाकटा तिच्यानंतर येतो. दिवसभर ट्रकच्या दारात उभा राहून त्याच्या पोटऱ्यांचे दगड होतात, टाचा ठणकतात, आणि मुकादम त्याला अजून लोळणकरच म्हणतो.

"कसं वाटतं उभ्याचं काम?" ती विचारते.

"छान," तो म्हणतो.

"मनापासून?"

"हो."

"मग जरा आडवे व्हा ना. दमलेले दिसताय." ती पलंगावर सरकून त्याला जागा करते आणि उशी थोपटते.

"नको," तो म्हणतो, आणि चहाचा कप घेऊन खिडकीपाशी उभा राहतो. जेवतोही उभ्यानेच. शेजाऱ्यांना वाटतं, नवीन कामाची चांगलीच गोडी लागली आहे. बायको पलंगावर पडून त्याच्याकडे बघत राहते, अर्धे डोळे मिटून, अगदी उंबरठ्यावर, कान मात्र उघडे. ती झोपल्याची पक्की खात्री होईपर्यंत तो आडवा होत नाही.